शनिवारचा फोन

मलकाबाईंनी प्रार्थनेचं पुस्तक मिटलं, पण बोट आत तसंच राहिलं. बायकांच्या सज्जातून सिनेगॉगचं गेट दिसायचं, आणि गेटवर त्यांची शेजारीण कालिंदी हवालदाराला पिशवी उघडून दाखवत होती. पिशवीतून तिनं दोन फोन काढले. त्यातला मोठ्या आकड्यांचा फोन मलकाबाईंचा होता.

दर शुक्रवारी संध्याकाळी, दिवे लावण्याआधी, मलकाबाई आपला फोन परळच्या चाळीत भिंतीपलीकडे कालिंदीकडे नेऊन द्यायच्या आणि शनिवारी रात्री परत आणायच्या. ही शिस्त त्यांच्या मुलाची, आशेरची. इस्राएलला, अश्दोदला गेल्यापासून तो भारी कडक झाला होता. शब्बाथला, म्हणजे शुक्रवार संध्याकाळपासून शनिवार रात्रीपर्यंत, फोन करायचा नाही, घ्यायचा नाही, गाडीत बसायचं नाही. आई शनिवारी बसनं सिनेगॉगला जाते, एवढं मात्र त्याला कुणी कळवलं नव्हतं. गेल्या वर्षी कालिंदीच्या मुलाला, वरदला, त्याच गावात बांधकामावर काम मिळालं, तेही आशेरच्याच खटपटीनं. कालिंदी कचरत होती. मलकाबाईंनीच तिची समजूत घातली होती, माझा पोरगा आहे ना तिथे, कशाला घाबरतेस.

कालपासून त्या गावावर क्षेपणास्त्रं पडत होती. काल फोन देताना मलकाबाईंनी कालिंदीला बजावलं होतं, "आशेर काही झालं तरी शनिवारी फोन करायचा नाही. तिथून आलाच, तर तो दुसऱ्या कुणाचा असेल. मग मात्र तडक सिनेगॉगला ये."

आणि कालिंदी आली होती.

उठायला हवं होतं, पण त्या बसूनच राहिल्या. मलकाबाईंना भीती वाटत होती, आणि त्या भीतीतच एक वेडी सोय होती: आपण इथे बसून आहोत तोवर कुणी काही सांगितलेलं नाही. तोवर आशेर तिथे उशिरापर्यंत झोपलेला असेल. त्यांनी गेटकडे पाठ केली.

"बरं वाटत नाही का?" शेजारच्या रिबेकानं विचारलं.

"उकडतंय."

खाली प्रार्थना संपली आणि हातबोशी सुरू झाली. एकानं दुसऱ्याची बोटं आपल्या दोन्ही तळव्यांत घ्यायची, मग स्वतःची बोटं ओठांना लावायची आणि तोच हात पुढच्याला द्यायचा. पुढच्या रांगेतून निघालेला तो स्पर्श माणसामाणसातून फिरत जिन्यानं वर सज्जात यायचा. एरवी मलकाबाई सगळ्यांच्या आधी हात पुढे करायच्या. आज त्यांनी हात पदराखाली दडवले. हात दिला की सगळं आटोपलं, आणि मग खाली जावं लागणार. रिबेकानं तिच्या स्वभावाप्रमाणे वाट पाहिली नाही. तिनं पदराखालून त्यांचे हात ओढून घेतले.

"केवढे गार पडलेत," ती म्हणाली.

कठड्याला धरून मलकाबाई जिना उतरल्या. गेटच्या आतल्या बाकावर बसलेली कालिंदी त्यांना बघून उभी राहिली.

"कुणाचा फोन होता?"

"कुणाचाच नाही, ताई."

"लपवू नकोस. आला तरच ये म्हटलं होतं मी."

"देवाशपथ सांगते. तुमचा फोन वाजलाच नाही." तिनं तो पुढे केला, मग शनिवार आठवून हात मागे घेतला आणि लांबूनच दाखवला. "बघा. काहीच नाही."

मलकाबाई बाकावर बसल्याच. डोळे भरून आले, आणि पाठोपाठ रागही आला.

"मग कशाला आलीस गं? जीव जायची वेळ आली माझी."

दुसरा फोन, तिचा स्वतःचा, कालिंदीच्या मुठीत होता. तिनं अंगठा दाबून तो कानाला लावला. पलीकडे रिंग जात असल्याचं शेजारी बसलेल्या मलकाबाईंनाही ऐकू येत होतं. ती वाजत राहिली आणि आपोआप बंद झाली.

"वरद रोज सकाळी करतो," कालिंदी म्हणाली. "सुट्टीच्या दिवशी तर सोडतच नाही. आज मीच लावतेय मघापासून. घरात बसवेना." तिनं फोन पदरानं पुसला. "ताई, त्यानं पण तुमच्या आशेरसारखं शनिवार पाळायला घेतलं असेल का?"

मलकाबाईंना हो म्हणता आलं असतं. त्यांनी तोंड उघडलंही. मग त्यांनी हात पुढे केला.

"माझा फोन आण इकडे."

"आज शनवार ना, ताई."

"आण म्हटलं ना."

फोन हातात घेताना त्यांची बोटं कालिंदीच्या बोटांना लागली. तिचीही गारच होती. मलकाबाईंनी तिथेच, सिनेगॉगच्या अंगणात, आशेरचा नंबर लावला. सायरनच्या सूचनांसाठी त्याचा फोन चालू असतो, हे त्यांना ठाऊक होतं. तो शनिवारी उचलत नाही, हेही ठाऊक होतं. पण शनिवारी आईचा फोन आला म्हणजे तसंच काही असणार, हे त्याला कळेल आणि तो उचलेल, असं त्या स्वतःला सांगत होत्या. कालिंदी त्यांच्या तोंडाकडे बघत होती. रिंग जात राहिली.