उसन्या दंडाचे आकडे

मित्रांनो, बाह्या वर करू नका. आज मी तुमचं काही मोजणार नाही; आज माझंच सांगणार आहे. मी एक जुना रक्तदाबमापक आहे. पांढरा डबा, निळं बटण, एक रबरी नळी आणि दंडाला गुंडाळायचा पट्टा, एवढाच माझा संसार. माझ्या पोटात नव्वद आकडे मावतात. एक्क्याण्णवावा आला की सर्वांत जुना निघून जातो. आकडा राहतो, पण तो कोणाच्या दंडाचा होता हे मला टिपून ठेवता येत नाही. ही माझ्यातली जन्माची खोट आहे आणि माझी सगळी गोष्ट तिच्यावरच फिरते.

कारखान्यात मला तपासणाऱ्या बाईने स्वतःचाच दंड दिला होता. एकशे बारा, सत्तर. तो आकडा केव्हाच गेला, पण बाईच्या बांगडीचा किणकिणाट मला अजून ऐकू येतो. तिथून मी दक्षिण ऑस्ट्रेलियात आलो, समुद्रकिनाऱ्यालगतच्या एका गव्हाच्या गावात. तिथल्या आरोग्य केंद्राने मला उसना देण्यासाठी ठेवलं. ज्याला गरज त्याच्या घरी काही महिने, मग पुढच्या घरी. खूप दंड पाहिले. पोस्टातल्या बाई नर्सला पाहून वीसने चढायच्या. पाद्री मोजताना प्रार्थना पुटपुटायचे, आणि तरी त्यांचा आकडा काही खाली यायचा नाही. एका शेतकऱ्याने मला दीड वर्ष कपाटात ठेवलं, उंदरांच्या औषधाशेजारी, आणि परत देताना वर म्हणाला, फार उपयोग झाला. माणसं वयाबद्दल खोटं बोलतात, जेवणाबद्दल बोलतात, बिअरबद्दल तर बोलतातच. दंड मात्र खोटं बोलत नाही, असं माझं ठाम मत होतं. लिंडसे ट्रेझीजच्या घरी जाईपर्यंत.

लिंडसे अडुसष्ट वर्षांचा. चाळीस वर्षं मेंढ्यांची लोकर कातरलेला माणूस. कंबर वाकलेली, मनगटं मात्र अजून लोखंडी. चार वर्षांपूर्वी कर्करोगाची गाठ आली म्हणून त्याचं उजवं मूत्रपिंड काढलं. मागच्या वर्षी कळलं की रोग फुप्फुसांत पोहोचला आहे. आता रोग पुरता जाणार नव्हता. त्याला कुंपणाच्या आत ठेवायचं, एवढंच हाती होतं. त्यासाठी रोज एक गोळी, आणि दर सहा आठवड्यांनी शहरात जाऊन शिरेतून औषध. त्या गोळीने त्याच्या भुवया पांढऱ्या झाल्या, तळपाय सोलवटले, प्रत्येक घास पत्र्यासारखा लागू लागला. पण फुप्फुसांतले ठिपके लहान झाले होते. गोळी काम करत होती. फक्त ती रक्तदाबही चढवते आणि राहिलेलं एकुलतं मूत्रपिंड त्यात भरडून निघतं. म्हणून मी.

मला त्यांच्या स्वयंपाकघरात घेऊन आली ती नर्स नेनिता. ती फिलिपिन्सची, त्यामुळे सगळ्या गावाला सर आणि मॅम म्हणते.

"रोज सकाळी एकदा, सर लिंडसे," ती म्हणाली. "पाय जमिनीला टेकवून बसायचं. आधी पाच मिनिटं गप्प."

"पाच मिनिटं गप्प?" लिंडसेची बायको ग्लेनिस ओट्यापाशी वळली. "मग हे यंत्र परत नेऊच नकोस, बाई."

"आणि तू मला सर म्हणू नकोस," लिंडसे म्हणाला. "किताब देताना राणीने खांद्यावर तलवार टेकवल्यासारखं वाटतं."

"बरं, सर."

तिने फ्रिजवर एक कागद लावला. वरचा आकडा एकशे साठच्या पुढे गेला किंवा खालचा शंभरच्या पुढे, तर त्याच दिवशी फोन. "तीन आठवड्यांनी, गुरुवारी, मी येईन आणि याच्या पोटातले आकडे स्वतः वाचीन. तोंडी सांगितलेले चालणार नाहीत. आकडा फार चढला तर डॉक्टर गोळी थांबवतील..."

ती पुढेही काही म्हणाली. लिंडसेने ते ऐकलं नाही. मला कळलं, कारण पट्टा तेव्हा त्याच्या दंडावर होता. 'थांबवतील' हा शब्द आला आणि नाडी चौऱ्याहत्तरवरून अठ्ठ्याण्णववर गेली.

त्यामागे ब्लूई होता. ब्लूई म्हणजे लोकरीच्या शेडमधला लिंडसेचा जुना सोबती. त्यालाही हाच रोग झाला. त्याच्या गोळ्या फेब्रुवारीत थांबवल्या आणि ईस्टरला त्याला पुरलं. लिंडसेने त्यावरून आपला नियम बनवून ठेवला होता: गोळी थांबली की माणूस संपला. ब्लूईची गोळी का थांबवली, हे त्याने कधी विचारलं नव्हतं. त्या गावात पुरुष एकमेकांना असलं काही विचारत नाहीत. पाऊस किती मिलिमीटर पडला ते विचारतात.

पहिल्या दिवशी एकशे अडतीस. मग एकशे शेहेचाळीस. मग एकशे एक्कावन्न. रोज मी फुगायचो, सुटायचो, आणि रोज लिंडसे माझ्याकडे पाहण्याआधी फ्रिजवरच्या कागदाकडे पाहायचा. दहाव्या दिवशी एकशे अठ्ठावन्न, खाली अठ्ठ्याण्णव. दोनच पावलं उरली होती.

"किती?" ग्लेनिसने विचारलं.

"मर्यादेत."

अकराव्या दिवशी त्याने मला कोटाच्या खिशात घातलं आणि गावातल्या निवृत्त पुरुषांच्या शेडमध्ये नेलं. तिथे ही मंडळी मोडक्या खुर्च्या दुरुस्त करतात असं त्यांच्या बायका समजतात. खरं तर दहाच्या चहाची वाट पाहत असतात. क्लॅरी पास्को कोपऱ्यात एका स्टुलाला पाय बसवत होता. पंचवीस वर्षं लिंडसेच्या शेजारच्या जागेवर उभं राहून त्याने लोकर कातरली होती.

"बाही वर कर," लिंडसे म्हणाला.

"का रे?"

"नर्सला चांगला आकडा हवाय."

"मग सांग की एखादा. एकशे तीस सांग. बरा वाटतो."

लिंडसेने त्याच्याकडे असं पाहिलं की क्लॅरीने स्टूल खाली ठेवलं. "मी आयुष्यात एक मेंढी जास्तीची सांगितलेली नाही."

मित्रांनो, हे समजून घ्या. लोकर कातरणाऱ्या प्रत्येकाचं आपलं छोटं कुंपण असतं. कातरलेली मेंढी त्यात जाते आणि कामाचा टप्पा संपला की तिथे मोजणी होते. एक मेंढी जरी जास्तीची सांगितली, तरी पुढच्या हंगामात त्या माणसाशेजारी कोणी उभं राहत नाही. तेव्हा खोटा आकडा लिंडसेच्या तोंडून निघणं शक्य नव्हतं. पण खऱ्या दंडाचा खरा आकडा, मग तो दंड कोणाचा का असेना, त्याच्या लेखी खोटा नव्हता. प्रामाणिक माणूस फसवायला निघाला की केवढी मेहनत घेतो, पाहा.

क्लॅरीने अधिक काही विचारलं नाही. बाही वर केली.

"कुणाला बोलणार नाहीस ना?"

"मी कधी कुणाची चुगली केलीय, लेका?"

मी फुगलो. एकशे अठ्ठावीस, शहात्तर. आणि माझ्या काचेच्या कोपऱ्यात एक बारकंसं हृदय लुकलुकलं.

"हे काय चमकतंय?" क्लॅरीने विचारलं.

"बॅटरी असेल," लिंडसे म्हणाला.

ती बॅटरी नव्हती. माझ्या बोलीत ते लुकलुकणं म्हणजे या माणसाचे ठोके अडखळताहेत. माझ्याजवळ तेवढा एकच शब्द आहे आणि तो मी रोज उच्चारत होतो. शेडमध्ये दहाच्या चहाआधी, आणि शनिवार-रविवारी क्लॅरीच्या पडवीत. रोज ते दोघं एकशे चोवीस, एकशे तीस असे आकडे पाहून खूश व्हायचे आणि हृदयाला बॅटरी म्हणायचे.

त्या दिवसांत लिंडसेचा स्वतःचा दंड मला मिळाला नाही. पण मी त्याच्या छातीलगतच्या खिशात जात-येत होतो. तिथे जे ठोके लागायचे ते हातोड्यासारखे होते. कामाच्या टेबलापाशी तो एक डोळा मिटून उभा राहायचा. एकदा त्याने सरळ रेघ मारायला घेतली आणि ती तिरकी गेली. त्याने ती खोडली आणि पुन्हा तिरकीच मारली. मी सगळं पाहत होतो आणि बटण दाबल्याशिवाय मला बोलता येत नव्हतं.

"डोकं दुखतंय का?" ग्लेनिसने घरी विचारलं.

"ऊन लागलं."

"जुलैत? भर थंडीत?"

ग्लेनिसने टेबलावर एक पत्रक सरकवलं. या रोगाची माणसं राज्यभरातून दर महिन्याच्या पहिल्या बुधवारी पडद्यावर भेटत आणि बोलत. नेनिताने दिलं होतं.

"अनोळखी लोकांत बसून मी मूत्रपिंडाच्या गप्पा मारू?"

"ओळखीच्यांत तरी कुठे मारतोस?" ग्लेनिस म्हणाली आणि पत्रक साखरेच्या डब्याखाली ठेवून दिलं.

ठरलेला गुरुवार आला. ग्लेनिसने पास्टी भाजल्या होत्या, म्हणून क्लॅरीही आला होता. मटण-बटाटा भरलेली गरम पास्टी हातात घेऊन तो दारापाशी उभा होता. नेनिताने माझं बटण दाबून आकडे मागे मागे नेले.

"एकशे अठ्ठावीस. एकशे चोवीस. छान, सर. एकशे अठ्ठावन्नवरून किती खाली आलात."

लिंडसेने श्वास सोडला. मग नेनिताचं बोट थांबलं.

"या प्रत्येकाशेजारी हृदय आहे. अकरा दिवस."

"बॅटरी," लिंडसे म्हणाला.

"बॅटरी नाही. ठोके अनियमित पडताहेत. अशाने रक्ताची गुठळी होते, ती मेंदूत गेली तर माणूस जागेवर कोसळतो." तिने लिंडसेचं मनगट धरलं आणि पूर्ण एक मिनिट घड्याळाकडे पाहिलं. त्या मिनिटात स्वयंपाकघरात कोणी हललं नाही. ठोके जोरकस होते, पण एकही चुकला नाही. मग तिने पट्टा त्याच्या दंडाला बांधला.

मी फुगत गेलो. एवढा मी कधीच फुगलो नव्हतो. पट्ट्याची जुनी उसवलेली शिवण ताणली. एकशे ब्याण्णव. खाली एकशे चौदा. आणि हृदय नव्हतं.

नेनिताने माझ्याकडे पाहिलं, मग फ्रिजवरच्या कागदाकडे. "सर लिंडसे, ते आकडे तुमचे नाहीत. कोणाचे आहेत ते मला माहीत नाही. पण ज्याचे आहेत, त्याला आज डॉक्टरला दाखवायला हवं."

दारात उभा क्लॅरी जमिनीकडे पाहत होता. तो बोलणार नव्हता. चुगली करायची नाही म्हणजे नाही, मग ती स्वतःच्या हृदयाची का असेना. राहिला लिंडसे. तो गप्प बसला असता तर नेनिताला ते नाव कळलं नसतं. आजचा एकच आकडा चढलाय असं म्हणून गोळी कदाचित वाचलीही असती; बोलला तर सगळा डाव कबूल करून ती घालवायची होती. पट्टा त्याच्या दंडावरच होता. ढिल्या पट्ट्यातूनही मला त्याची नाडी लागत होती.

"क्लॅरी," तो म्हणाला, "पास्टी खाली ठेव. बाही वर कर."

मी क्लॅरीच्या दंडावर गेलो आणि माझा एकुलता शब्द उच्चारला. या वेळी कोणी त्याला बॅटरी म्हटलं नाही.

ग्लेनिस पूर्वी लोकरीच्या शेडवर स्वयंपाक करायची. मोजणी तिला ठाऊक होती. ती आवाज न चढवता म्हणाली, "चाळीस वर्षं कातरलंस. आणि शेवटी दुसऱ्याच्या मेंढ्या आपल्या कुंपणात घातल्यास."

लिंडसेने मान खाली घातली. मग म्हणाला, "गोळी थांबवतील, ग्लेन. ब्लूईची थांबवली होती."

"थांबवतील, आठवडाभर," नेनिता म्हणाली. "दाब उतरवायची वेगळी गोळी देतील, मग ही पुन्हा सुरू करतील, कदाचित थोडी कमी. हे मी पहिल्या दिवशी याच खुर्चीत बसून सांगितलं होतं."

"ब्लूईची गोळी चालतच नव्हती," क्लॅरी म्हणाला. "रोग वाढत होता, म्हणून बंद केली. त्यानंच मला सांगितलेलं."

"मग मला का नाही सांगितलंस?"

"तू विचारलंस कुठे?"

ग्लेनिसने दोघांना गाडीत घातलं, एकाला पुढे, एकाला मागे, आणि जिल्ह्याच्या हॉस्पिटलात नेलं. वाटेत दोघं जास्त आजारी कोण यावर वाद घालत होते, असं ती नंतर नेनिताला सांगत होती. सांगताना तिने माझा पट्टा मांडीवर घेतला आणि उसवलेली शिवण जाड दोऱ्याने शिवून टाकली. टाके वाकडे आले. अजून तसेच आहेत.

लिंडसेची गोळी नऊ दिवस बंद होती. ते नऊ दिवस त्या घरात कोणी दार जोरात लावलं नाही. दहाव्या दिवशी ती कमी मात्रेत पुन्हा सुरू झाली. ऑक्टोबरच्या तपासणीत ठिपके होते तेवढेच होते. गेले नाहीत, वाढले नाहीत. क्लॅरीला रक्त पातळ करायचं औषध मिळालं. आता दाढी करताना कापलं की तो अख्ख्या शेडला दाखवतो.

आणि पुढल्या महिन्याच्या पहिल्या बुधवारी साखरेच्या डब्याखालून ते पत्रक निघालं. लिंडसे पडद्यासमोर अर्धा तास हाताची घडी घालून बसला. मग पलीकडच्या किनाऱ्यावरच्या एका मासेवाल्या बाईने विचारलं, "अहो, तुमच्याही भुवया पांढऱ्या झाल्या का? मला सगळे कोकाटू म्हणतात, तो पांढरा तुरेवाला पोपट." लिंडसे हसला. त्यानंतर तळपायाला कोणतं मलम लावायचं, यावर तो इतका बोलला की ग्लेनिसने चहा दोनदा गरम केला.

आता माझा मुक्काम शेडमध्ये आहे, किटलीशेजारी. दहाच्या चहाआधी एकेक जण बाही वर करतो. मला नावं लिहिता येत नाहीत म्हणून लिंडसेने भिंतीवर तक्ता लावलाय. प्रत्येकाचा रकाना वेगळा, मध्ये जाड रेघ. ही रेघ मात्र सरळ आली आहे. आणि कोणाचा आकडा चढला की बाकीचे विचारतात, का रे? पावसाचं त्यानंतर.

मित्रांनो, मी थकलो आहे. नळीतून हवा झिरपते. नवा मापक येणार आहे म्हणे, माणसं ओळखणारा. येऊ दे. तोवर माझी धूळ पुसा, बॅटरी वेळेवर बदला, आणि काचेत काही लुकलुकलं तर त्याला लगेच सोयीचं नाव देऊ नका. मुख्य म्हणजे दंड स्वतःचाच द्या. वाईट आकड्याशेजारी माणसाला बसता येतं, उसन्या आकड्याशेजारी कोणी बसणार कसं?

आज सकाळी लिंडसेच्या रकान्यात एकशे बेचाळीस लागले. फार चांगले नाहीत. पण त्याचेच आहेत.