विस्तव न दावलेला रस

पंचशीलाच्या थुंकीत रक्त दिसलं तेव्हा गल्लीनं आधी पाण्याचा तांब्या देणं बंद केलं, मग बोलणं. सरजाबाईनं लेकीला टीबीच्या सरकारी गोळ्या चारल्या, सुया टोचवल्या. पोर वाळतच गेली. खोकल्यासंगं गंजासारखा रंग बाहेर पडत राहिला.

लातूर जिल्हा नवा झाला होता. तिकडं मांडव पडले, हार पडले. चाकूरकडच्या या गावात पाऊस तेवढा पडला नव्हता. टँकर पाटलाच्या दारातच रिकामा व्हायचा आणि बौद्धवाड्यातल्या बाया नाल्यात झरे खणायच्या. पाण्याआधी खेकडे हाताला लागायचे. त्या साली भाकरीसंगं तेच कोरड्यास.

सासू धुरपताबाई त्यातले बारके बाजूला काढायची. पाट्यावर जिवंत वाटायची, फडक्यात पिळायची आणि तो करडा रस नातीला पाजायची. खोकल्यावर हेच औषध, तिच्या सासूनं शिकवलेलं. अट एकच. विस्तवाला दावायचा न्हाई, गुण जातो.

सरजा लेकीला घेऊन लातूरला निघाली, तेव्हा धाकटा पंढरीही खोकत होता.

"तू जा," धुरपताबाई म्हणली. "ह्याला बी पाजते आज. पोरीच्या टायमाला लई उशीर केला आपण."

दवाखान्यात नवी डॉक्टरीण होती. तिनं थुंकी काचेवर घेऊन यंत्राखाली बघितली, परत बघितली.

"खेकडे खाता का?"

"मंग काय, दुष्काळात बासुंदी खावं?"

"कच्चे?"

सरजाचं हसू जागीच मेलं. तिनं रसाचं सांगितलं.

"हा टीबी नाही, बाई. खेकड्याच्या अंगात एक किडा असतो, नुसत्या डोळ्याला न दिसणारा. खेकडा कच्चा पोटात गेला की हा किडा आतड्याला भोक पाडून वर चढतो, फुफ्फुसात घर करतो. थुंकीत त्याची अंडी आहेत. खेकडा शिजवला असता तर किडा मेला असता. औषध मागवते, पोरगी वाचेल. घरात अजून कोणी पितं का?"

सरजा उठलीच. "हिला ठेवून घ्या."

"आई!" पंचशीला ओरडली. सरजानं मागं बघितलं न्हाई.

अड्ड्यावर गावाकडं जाणारी मलप्पाची जीप उभी होती. सीट भरल्याबिगर तो हलणार नव्हता.

"घराला आग लागली का काय, अक्का?"

"हाव. लागली. काढ गाडी."

तिच्या तोंडाकडं बघून त्यानं गाडी काढली. रस्त्याभर तिला एकच दिसत होतं, फडक्यातून गळणारा थेंब आणि त्यात वळवळणारं, न दिसणारं काहीतरी.

घरी पाटा ओला होता. पंढरी आजीच्या मांडीवर, ओठ ओले.

"आत्ताच घेतला घोटभर," धुरपताबाई म्हणली. "शहाणं लेकरू."

सरजानं पोराला ओढलं आणि त्याच्या घशात बोट घातलं. पोरगं किंचाळलं.

"अगं ए, मारती का लेकराला!"

"किडे हायत त्यात! पंचीच्या फुफ्फुसात गेले, डॉक्टरणीनं बघितले!"

"माझ्या हातानं किडे पाजले म्या? काल आलेली डॉक्टरीण मला शिकवती? अगं, तुझा नवरा ह्याच रसावर वाढला!"

"आन् त्याची भावंडं? ती कशानं गेली?"

 धुरपताबाईनं पाट्याकडं बघितलं.

"खोकत," ती म्हणली. "दोघं बी. रगत थुंकत."

पंढरी रडत होता, पण बाहेर काहीच पडत नव्हतं. म्हातारीनं हात पुढं केले.

"आण त्याला हिकडं. तुझं बोट पुरंना."

आणि तिनं नातवाचा जबडा धरून आपली बोटं आत घातली.