टिकली वाजली

कुनी काय बी म्हनो, गाडीच्या टेपाच्या जागी मी टीव्ही बसवू देनार नव्हतो. अंबाजोगाईचा उत्तरेश्वर मेकॅनिक मला लई येळ समजावीत व्हता. काचेची पाटी बसवू म्हनला, तिच्यावर रस्ता दिसतो, मागचा क्यामेरा दिसतो, सिनेमा बी दिसतो. म्या म्हनलं, बाबा, मला दूध गोळा करायचंय, सिनेमा बगत दूध मापू का? मला हाच टेप पायजे. ह्याच दोन खुंट्या, ह्याच कळा, कॅसेट गिळायचं हेच तोंड. आत जे मेलंय ते काढ, वरचं एक बी हलवू नको. तो म्हनला, मामा, नवीन घालून जुनंच दिसायचं कावून? म्या म्हनलं, तुला काय करायचंय बे, सांगितलं तेवढं कर.

खरं सांगायची लाज वाटली. टेपाच्या चकचकीत पट्टीवर उजव्या कोपऱ्यात कुंकवाचं एक बोट हाय. माजी बायको गीता दर दसऱ्याला गाडीची पूजा करायची. आधी चाकं, मग स्टेअरिंग अन् शेवटी टेप. ती गेली, पन ते बोट तसंच हाय. पट्टी बदलली असती तर भंगारात गेलं असतं.

गाडी तशी माजी न्हाई, सोसायटीची हाय. आमच्या गावची दूध सोसायटी पहिले चेअरमन सुंदररावांनी काढली अन् ही अँबेसिडर घेतली. मागचं सीट काढून तिथं दुधाच्या क्यानी ठिवल्या, टपावर भोंगा बसवला अन् मला डायवर केलं. रोज सकाळी भोंग्यावर सनई लावून मी गावात फेरी मारायचो. सनई बी घरचीच, आमच्या गावच्या सटवाची. सुंदररावांच्या पोरीच्या लग्नात त्यानं वाजवली तवा टेप केलती. सटवा बी गेला अन् सुंदरराव बी गेले. गाडी अन् मी तेवढे ऱ्हायलो.

एकदा टेपानं कॅसेटची फीत खाल्ली अन् तोडून टाकली. मी ओसरीवर डोकं धरून बसलो, सकाळी गावात मुक्यानं जायचं कसं म्हनून. गीतानं कपाळावरची टिकली काढली, फितीची दोन टोकं जुळवली अन् वरून टिकली चिकटवली. "घ्या, वाजवा आता. टेप बी सवाष्न झाला," म्हनली. वाजला की! फक्त टिकलीची जागा आली की सनई गपकन थांबायची, टुक व्हायचं अन् पुन्हा सुरू. पहिल्या दिवशी गाव लई हसलं. मग गावानं त्याचंच घड्याळ केलं. नुसत्या सनईला कुनी उठायचं न्हाई, कारन तवा गाडी वेशीतच असायची. टुक झालं म्हंजी गाडी गल्लीच्या तोंडाला आली. "टिकली वाजली, उठा," असं बाया एकमेकींला हाका मारायच्या अन् किटल्या घेऊन दारात यायच्या. पुढं पुढं तर शाळेला उशीर झाला तरी लोक पोरांना म्हनायचे, आरं, टिकली कवाच वाजली. गीता वरून चिडायची, पन मनातून लई खूश व्हायची.

मग पाऊस रुसला, तो तीन वर्सं फिरकलाच न्हाई. जनावरं छावनीला गेली अन् कैक तिथूनच बाजारात गेली. त्याच उन्हाळ्यात गीताला ताप चढला. दवाखान्यात नेली, पन मी एकटाच माघारी आलो. टेप बी त्याच सुमाराला मुका झाला, कॅसेट पोटात घेऊन बसला. पुढं पाऊस आला, शिवार हिरवं झालं, पन दावनी रिकाम्याच. ज्यांनी म्हस घेतली ते प्रायव्हेट डेअरीच्या पोऱ्याला दूध घालायला लागले, तो फटफटीवर येतो अन् जातो. दिवाळी झाली की अर्दं गाव ऊस तोडायला जातं अन् मागं म्हातारी मानसं तेवढी ऱ्हातात. मला ना पोर ना बाळ. इळभर बोलायला कुनी न्हाई, म्हनून मी गाडी पुसत बसतो. लोक म्हनत्यात, आश्रुबाला गाडीचं याड लागलंय. लागलं असंल. मानसानं घर तरी किती येळा झाडावं?

अन् तीच गाडी इकायची ठरली. आताचे चेअरमन अर्जुनराव मीटिंगीत म्हनले, सोसायटीत दूधच न्हाई तर गाडी कशाला पोसायची? बीडचा एकजन जुन्या गाड्या लग्नाला भाड्यानं देतो, तो घ्यायला तयार हाय. मी जल्मात कधी मीटिंगीत तोंड उघडलं न्हाई, त्या दिवशी उठून उभा ऱ्हायलो. म्हनलं, मला एक सकाळ द्या. टेप नीट करून आनतो अन् सनई लावून फेरी मारतो. लोक दूध घेऊन आले तर गाडी ठिवा, न्हाई आले तर खुशाल इका. अर्जुनराव काई वाईट मानूस न्हाई. त्यांनी अट घातली.

"एक क्यान भरून दाखवा आश्रुबा. गळ्यापत्तुर. मग मी गाडीचं नाव काढनार न्हाई."

म्हनून मी अंबाजोगाई गाठलती.

उत्तरेश्वरनं काम मात्र झकास केलं, खोटं कशाला बोलू? जुन्या टेपाची सगळी आतडी काढली अन् आत एवढुसं नवीन यंत्र बसवलं. कॅसेटच्या तोंडात पेनड्राइव लपवला, झाकन लावलं की काई कळत न्हाई. यंत्राचा दिवा निळा व्हता, तर आतून पिवळा कागद लावून जुन्या टेपासारखा मिनमिना केला. आवाजाची खुंटी बी जुनीच ठिवली अन् नव्या यंत्राला जोडून दिली. कॅसेट बाहेर काढून सनई पेनड्राइवात भरली. "गानं बी साफ करून दिलंय मामा, एकदम नव्यावानी," म्हनला. मला वाटलं, धूळ-बिळ काढली असंल. सुरवातीची सनई घटकाभर ऐकली, डोळ्याला पानी आलं अन् म्या टेप बंद केला. वाटंनं बी लावला न्हाई. नव्या कापडाची घडी सकाळीच मोडावी.

सकाळी आंघोळ करून क्यानी घासल्या, गाडीला नारळ फोडला अन् वेशीतून सनई सुरू केली. असली सोच्छ वाजली म्हनता! सटवा बॉनेटवर बसून वाजवतोय जनू. मी गाडी बैलगाडीच्या चालीनं चालवली. दारं बंदच व्हती. म्या म्हनलं, हरकत न्हाई, अजून टिकली कुठं वाजली? मी कान देऊन बसलो. ती जागा आली अन् सनई तिच्यावरून सरळ निघून गेली. टुक न्हाई अन् काई न्हाई. माजा पाय आपोआप ब्रेकवर पडला.

तवा कळलं, त्या बाबानं साफ काय केलंय ते. उत्तरेश्वरनं डॅशबोर्डाच्या कप्प्यात ठिवलेली जुनी कॅसेट मी काढून बगितली. त्यानं टिकली काढून टाकून तिथं पारदर्शक पट्टी लावलती. त्याला वाटलं असंल कचरा हाय. त्याचा काय दोष? म्या त्याला सांगितलंच कुठं व्हतं? पन मला रडू आलं. गीता पुन्हा एकदा गेली.

तशीच फेरी पुरी केली. एक दार उघडलं न्हाई. मागं रिकाम्या क्यानी एकमेकींवर आदळत व्हत्या. गावाच्या टोकाला दगडाबाई दारात बसलेली दिसली. लई म्हातारी, डोळ्यानं अधू, पन कान तिखट. कुनाची वरात हाय रे, म्हनून तिनं इचारलं. म्या म्हनलं, मी आश्रुबा हाय माय, दुधाची गाडी हाय.

"दुधाची? मग टिकली कुठं वाजली? टिकली वाजल्याबिगर कोन उठंल रे?"

मी गाडी फिरवली अन् पुन्हा वेशीत नेऊन सनई पयल्यापासून लावली. या येळी एक हात स्टेअरिंगवर अन् एक हात आवाजाच्या खुंटीवर. जागा आली तशी खुंटी गर्रकन मागं फिरवली अन् लगीच पुढं. भोंग्यातून टुक झालं.

म्या आरशात बगितलं. पयलं दार साखराबाईचं उघडलं. मग भिवराबाईचं. मग सुग्रीव म्हातारा तांब्या घेऊन आला. समदी म्हातारी मानसं, कुनी चपला न घालता, कुनी पदर सावरत, हातात किटली घेऊन गाडीपाशी आली. साखराबाईनं किटलीचं झाकन काढलं अन् आत बगून तशीच उभी ऱ्हायली. "अगं बाई, माजी म्हस तर छावनीतच इकली की," म्हनली अन् तोंडाला पदर लावून हसायला लागली. तशा बाकीच्यांनी बी आपापल्या किटल्या बगितल्या. बऱ्याच जनांच्या रिकाम्याच व्हत्या. हातांनी सवयीनं उचलल्या, हातांना काय ठाव गोठा रिकामा हाय म्हनून?

घरी मात्र कुनी गेलं न्हाई. गाडीला टेकून बोलत बसले. ज्यांच्याकडं व्हतं त्यांनी घातलं. दगडाबाई भिंत धरत आली अन् शेळीचं वाटीभर दूध घालून गेली. अर्जुनरावांची बायको मंजुळाबाई बी आली, मागं अर्जुनराव. डेअरीच्या पोऱ्यासाठी काढलेली भरली किटली तिनं आमच्या क्यानीत ओतली, अन् नवऱ्याकडं बगितलं बी न्हाई.

अर्जुनराव क्यानीपाशी आले. झाकन उघडून आत वाकून बगितलं. दूध बुडाला व्हतं. त्यांनी झाकन सावकाश लावलं अन् टपावर हात ठिवून उभे ऱ्हायले.

"आश्रुबा, क्यान भरली न्हाई."

"न्हाई भरली," म्या म्हनलं. शब्द म्हंजी शब्द.

बीडचा मानूस गाडी न्यायला आला तवा टेप बगून लई हरखला. अस्सल जुना माल हाय म्हनला, लग्नाच्या फोटोत लई खुलंल. म्या त्याला एवढंच सांगितलं, पट्टीवरलं कुंकू पुसू नका. तो म्हनला, काका, लग्नाच्या गाडीला कुंकू पायजेच की. भला मानूस व्हता. बसला अन् सनई लावूनच निघाला. मी दगडाबाईच्या दारात उभा ऱ्हायलो, कारन माज्या घरी जाऊन काय करायचं ते मला सुचत नव्हतं.

गाडी वेशीपाशी गेली. सनई टिकलीच्या जागी आली तसा माजा हात उठला अन् दोन बोटं हवेतच फिरली. सनई थांबली न्हाई. वाजत वाजत रस्त्याला लागली.

दगडाबाईनं कान टवकारले. "आश्रुबा, टिकली वाजली का रे?"

"वाजली माय," म्या म्हनलं.