डॅडच्या रायफलीचं लाकूड

माझ्या भावाला, ग्रँटला, मी त्या दिवशी खरंच चोपलं असतं. पन्नाशीचा घोडा आहे म्हणून काय झालं!

झालं असं. सोमवारी डॅड आपली रायफल पोलीस ठाण्यात कायमची जमा करणार होता. महायुद्धाच्या काळातली थ्री-नॉट-थ्री. आमच्या चांदमारीच्या क्लबात त्यानं उभी हयात तिच्यावर काढली. पण गेल्या वर्षभरात त्याच्या गोळ्या कोंबड्यांना दाणे टाकावेत तशा विखरायला लागल्या. क्लेमचे, म्हणजे डॅडचे, डोळे गेले, असं सगळ्या क्लबानं ठरवून टाकलं. कप्तान नेव्हिलनं त्याचं नाव संघातून काढलं आणि वर खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "तू आता आरामात बसून बघ, क्लेम." डोळ्यांच्या डॉक्टरबाईनं वयाच्या मानानं नजर चांगली आहे म्हणून सांगितलं, तर डॅडला वाटलं, बाई आपली समजूत काढतेय. त्यानं गाडी चालवणं सोडलं. मग बाहेर पडणंच सोडलं.

द्यायचीच आहे तर निदान पुसून द्यावी, म्हणून गुरुवारी मी रायफल स्वयंपाकघरातल्या टेबलावर खोलली. नळीखालचं लांब लाकूड काढलं आणि बघतच राहिले. आतली खाच वर्षानुवर्षांच्या तेलानं काळपट हवी, ती कोरीकरकरीत होती. कुणीतरी ती पार टोकापर्यंत सँडपेपरनं घासली होती. नळी त्या लाकडाला कुठं म्हणून टेकत नव्हती.

हल्लीच्या रायफलींना तसंच करतात. त्यांची नळी जाड असते, ती मोकळी सोडली की नेम सुधारतो. पण आमच्या या म्हातारीची नळी बारीक. टोकापाशी लाकडानं तिला खालून उचलून धरावं लागतं. तो आधार गेला की एक गोळी इकडे आणि एक तिकडे. हे आमच्या क्लबातलं शेंबडं पोरही सांगेल! आणि डॅडच्या रायफलीच्या कपाटाला हात लावू शकेल असा माझ्याखेरीज एकच माणूस होता.

ग्रँटला फोन केला, आला. टेबलावर लाकूड बघितलं आणि दारातच थबकला.

"हे तू केलंस?"

"अगं, चांगल्यासाठीच केलं. व्हिडिओत दाखवत होते. म्हटलं, वाढदिवसाला डॅडला गुपचूप..."

"गुपचूप! आणि गोळ्या उधळल्या तेव्हा दातखीळ बसली होती?"

"मला काय माहीत त्यामुळे होतंय? ब्याऐंशीचा आहे तो, रॉबिन."

"ग्रँट, माझ्याकडे बघून बोल."

तो खिडकीकडे बघून बोलला. "मार्चमध्ये एकदा मी स्वतः ती चालवून बघितली. माझ्याही गोळ्या तशाच उडाल्या."

माझं डोकंच फिरलं. मार्चमध्ये! आणि ऑक्टोबरात हाच बाबा डॅडला जाड भिंगाच्या चष्म्यांची चित्रं दाखवत होता. "निर्लज्जा," मी म्हटलं, "बापाला आंधळा ठरवलंस, पण स्वतःची चूक कबूल केली नाहीस." तो मदत करू म्हणाला. मी म्हटलं, त्या लाकडाला बोट लावलंस तर बघ.

दुसऱ्या रायफलीच्या जुन्या मोडक्या दस्त्याच्या लाकडातून मी पातळ पट्ट्या कापल्या, खाचेत चिकटवल्या, तासल्या, नळी बसवून बघितली, परत तासल्या. शुक्रवारी संध्याकाळी नळीचं टोक बोटानं उचललं तर ते जरा ताठरपणे उठलं आणि सोडल्यावर आपल्या जागी गच्च बसलं. तोंडात शिव्या चालूच होत्या.

शनिवारी डॅड क्लबात यायला तयार नव्हता. "कशाला हसं करून घेऊ?" शेवटी मीच आवाज चढवला, तेव्हा कोट घालून गाडीत बसला.

तो मातीच्या उंचवट्यावर पालथा झाला. पाच गोळ्या मारल्या. मी दुर्बिणीतून बघितलं. सगळ्या खाली, डावीकडे. काळ्या गोलात एकही नाही; लाकूड बदललं की नेम परत जुळवावा लागतोच. पण पाचही एका बशीत मावतील एवढ्या जवळजवळ.

"चुकल्या ना?" डॅडनं विचारलं.

मी दुर्बीण त्याच्याकडे सरकवली. तो बराच वेळ बघत राहिला. डोळे गेलेल्या माणसाच्या गोळ्या अशा एकाला एक खेटून बसत नाहीत, हे त्याला मी काय सांगायचं!

"रायफलीला काय केलंस, रॉबिन?"

"मी फक्त दुरुस्त केली. बिघडवली कुणी, ते याला विचार." ग्रँटला मी मुद्दाम बोलावलं होतं; तो आमच्या मागेच उभा होता.

ग्रँटनं सांगितलं. मार्चचंही सांगितलं, कारण मी त्याच्याकडे डोळे वटारून बघत होते. डॅड उठून बसला.

"लाकूड गेलं खड्ड्यात," तो म्हणाला. "मी रोज सकाळी एक डोळा झाकून समोरच्या कुंपणाचे खांब मोजत होतो रे. मोजून झाले तरी वाटायचं, आठवणीतूनच मोजतोय. आणि तुला माहीत होतं."

"सॉरी, डॅड."

"मला नको सांगू. तिकडे जाऊन सांग."

तिकडे पत्र्याच्या शेडखाली नेव्हिल आणि बाकीची मंडळी सॉसेज भाजत उभी होती. ग्रँट माझ्याकडे बघायला लागला. मी म्हटलं, "माझं तोंड काय बघतोस? चल." आणि एक शब्द गाळू नये म्हणून मागोमाग गेले.

तो सॉसेजकडे बघत पुटपुटला. क्लेमचे डोळे ठीक आहेत, रायफल मीच बिघडवली, मला ठाऊक होतं. नेव्हिलच्या हातातला चिमटा तसाच राहिला.

तेवढ्यात उंचवट्यावरून डॅड ओरडला, "ऐकू नाही आलं! डोळे शाबूत आहेत रे माझे, कान गेलेत. परत सांग!"