मी, अवनीच्या घरचा मुद्देमाल

मी एक जुना संगणक आहे. मित्रांनो, सध्या माझा मुक्काम जयपूरच्या एका पोलीस ठाण्यात, मुद्देमालाच्या खोलीत आहे. गुन्ह्यात वापरलेल्या वस्तू जिथे ठेवतात, तिथे. माझा पडदा घरीच राहिला, त्यामुळे कुणाला तोंड दाखवायची वेळ येत नाही. ते एका परीने बरंच झालं.

मालवीय नगरच्या एका दुकानात माझे भाग जोडले गेले. विमा कंपनीतले अधिकारी गजाननराव बदली होऊन साताऱ्याहून आले होते. त्यांनी मला आदर्श नगरच्या घरी आणलं. त्यांच्या पत्नी रत्नप्रभाबाईंनी मला विणलेलं आच्छादन केलं आणि दसऱ्याला झेंडूची माळ घातली. नववीतली अवनी माझ्यावर इतकी झरझर लिहायची, की पाहुणे कौतुक करायचे. मीही फुशारून जायचो.

ही गोष्ट २००७ सालची. जयपूरच्या मराठी मंडळाच्या गणेशोत्सवात उत्कर्षा नावाची मुलगी गाताना अडखळली आणि रडत आत पळाली. तिचे वडील सर्जेराव लष्करात सुभेदार होते. अवनीने तिचा रडतानाचा फोटो काढला. घरी येऊन माझ्यावरून इंटरनेटवर एक पान उघडलं, फोटो लावला, खाली टिंगल लिहिली आणि मैत्रिणींना बोलावलं. त्यांनी आणखी मैत्रिणींना बोलावलं. रोज नवी टिंगल यायची आणि मी ती इमानेइतबारे दाखवायचो. तिकडे उत्कर्षाने शाळेत जाणं बंद केलं. ती ताटावरून उठून जायची. मला जगायचंच नाही, असं ती आईला म्हणाली.

सर्जेराव आमच्या घरी आले. खुर्चीच्या कडेवर बसून म्हणाले, "साहेब, पोर हातची जाईल माझी."

"परमुलखात आपणच एकमेकांना सांभाळायचं, सर्जेराव," गजाननराव म्हणाले. "मंडळात मिटवू. चहा घ्या."

मंडळाची रीतच तशी होती. आपल्या माणसाचं भांडण बाहेर न्यायचं नाही. मंडळाने दोघींना एकमेकींच्या हातावर पेढा ठेवायला लावला आणि मुलींची गंमत म्हणून विषय संपवला. पान काढून टाक, हे मात्र अवनीला कुणी सांगितलंच नाही. दुसऱ्या दिवशी त्या पेढ्याचीही टिंगल माझ्या पडद्यावर आली. मला माझीच शिसारी वाटली.

मग सर्जेराव पोलिसांत गेले. ते कळल्यावर गजाननराव घाबरले. मला जिथे जोडलं, त्या दुकानातल्या सतीशला त्यांनी बोलावून सांगितलं, "भैया, पान हटा दो, और इसमें का सब साफ कर दो."

रत्नप्रभाबाई माझ्यापुढे येऊन उभ्या राहिल्या. "मंडळ म्हणालं, काही झालंच नाही. आता तुम्ही हे पुसलंत, तर ती पोर खोटी पडेल."

गजाननरावांनी सतीशला परत पाठवलं आणि मला स्वतः उचलून ठाण्यात नेलं.

प्रकरण बाल न्याय मंडळापुढे आलं. लाखेचं सील लावून मला टेबलावर ठेवलं होतं. गजाननराव म्हणाले, "इंटरनेट माझ्या नावावर आहे, मुलगी माझी आहे. जबाबदारी माझीही आहे." न्यायाधीश बाई म्हणाल्या, अंगाला हात लावला नाही म्हणजे इजा केली नाही, असं होत नाही. माझ्यातून काढलेले कागद त्यांनी अवनीपुढे ठेवले आणि वाचायला सांगितले.

दोन-तीन ओळी वाचून अवनी थांबली. तिने कागद खाली ठेवला. समोर उत्कर्षा बसली होती, वाळून गेलेली. कुणी मला उचलून खोलीबाहेर ठेवावं, असं मला वाटत होतं.

"पूरा वाच," उत्कर्षा म्हणाली. "मी तर रोज पूरा वाचत होते."

अवनीने शेवटपर्यंत वाचलं.

मित्रांनो, एरवी मी तुम्हाला म्हणालो असतो, आम्हाला धुळीपासून जपा. आता ते मागायला तोंड नाही. आमच्यावर कुणाबद्दल काही लिहाल, तेव्हा ते त्याच माणसासमोर बसून मोठ्याने वाचता येईल का, एवढं आधी स्वतःला विचारा. येणार नसेल, तर आम्हाला बंद करा.