कुंपणाच्या जाळीचे घर

मित्रांनो, मी सशांचे एक जुने खुराडे आहे, पण माझी जाळी माझ्याहूनही म्हातारी आहे. चाळीस वर्षे ती क्लॅरी आजोबांच्या गव्हाच्या शेताला कुंपण होती. सशांना बाहेर ठेवणे हे तिचे काम. पुढे त्याच जाळीला सशांना आत सांभाळायची वेळ आली. नशीब कोणाला कुठे नेईल, सांगता येत नाही.

व्हिक्टोरियातल्या मॅली या कोरड्या, गव्हाच्या भागात ज्यांचे बालपण गेले, त्यांना ससा म्हणजे पीक गिळणारे तोंड. क्लॅरी आजोबा त्यांतलेच. त्यांची नात टॅम्सिन दहा वर्षांची झाली आणि तिने वाढदिवसाला दोन सशिणी मागितल्या. आजोबा आठवडाभर धुसफुसत राहिले. मग एका सकाळी त्यांनी शेडमधले जुने लाकूड बाहेर काढले, कुंपणाच्या जाळीचे भेंडोळे उलगडले आणि ठाकठोक सुरू केली. माझा जन्म तो असा.

शेजारचे मर्व्ह काका फाटकावर रेलून मजा बघत होते.

"काय रे क्लॅरी, जन्मभर यांच्यामागे बंदूक घेऊन धावलास. आता यांनाच बंगला बांधतोस?"

"बंगला कसला, तुरुंग आहे," आजोबा दातांत खिळा धरून म्हणाले. "कैदी नातीचे आहेत, म्हणून जरा बरा बांधतोय."

सशांच्या खोडी त्यांच्याइतक्या कोणाला ठाऊक होत्या? ससा उकरून पळतो, म्हणून त्यांनी तळालाही जाळी ठोकली आणि वर पेंढा पसरला. घाबरला की त्याला अंधार लागतो, म्हणून एका कोपऱ्यात लाकडी खोली केली. कोल्हा साधी कडी नाकाने उचलतो, म्हणून दाराला दोन कड्या लावल्या. मला चार पाय दिले, पत्र्याच्या छपरावर गोणपाट घातले. मग मला नेऊन ठेवले पाण्याच्या टाकीखाली. आमच्याकडे उन्हाळ्यात गार जागा कोणती, असे कोणालाही विचारा, तो टाकीच दाखवील. कुत्रा तिथेच झोपतो, भोपळे तिथेच ठेवतात. टाकी थोडी झिरपते आणि खालची माती नेहमी ओली असते.

डॅम्पर आणि बिस्किट या दोघी बहिणी माझ्याकडे राहायला आल्या. डॅम्पर म्हणजे आमच्याकडचा राखेत भाजलेला पाव; तिचा रंग तसाच होता. टॅम्सिनने आईबरोबर दोघींना शहरात नेऊन सशांच्या एका रोगाची लस टोचून आणली. पारा बेचाळीसवर गेला की ती बर्फ झालेली पाण्याची बाटली आत ठेवायची आणि डॅम्पर तिला पाठ लावून पसरायची. माझा फार अभिमान वाटावा असे ते दिवस होते, आणि मला तो वाटायचा.

पण माझ्या जाळीची भोके अंगठ्याएवढी होती. कोल्ह्याला ती भिंत होती. डासाला मात्र ते सताड उघडे दार होते.

जानेवारीच्या शेवटी, आमच्या ऐन उन्हाळ्यात, एका सकाळी डॅम्परचे डोळे सुजलेले दिसले. धूळ गेली असेल, असे टॅम्सिनला वाटले. तिने आजोबांना हाक मारली. ते गुडघ्यांवर बसून आत बघत राहिले. त्यांचा हात माझ्या छपरावर होता. त्याच हाताने त्यांनी दोन्ही कड्या काढल्या आणि डॅम्परला बाहेर घेतले.

"हे मी पाहिलंय," ते म्हणाले.

"कुठे, पॉप?" ती त्यांना पॉप म्हणायची.

त्यांना खोटे बोलता आले असते. ते बोलले नाहीत.

"तुझ्याएवढा होतो. रानात इतके ससे, की जमीनच चालतेय असं वाटायचं. गव्हाचं पातं उरत नव्हतं. मग सशांना मारणारा हा रोग आला. बाबांनी आणि मी एक आजारी ससा पोत्यात घालून आणला आणि मुद्दाम आमच्या रानात सोडला. गहू वाचला. मला शाबासकी मिळाली."

"तुला वाईट नाही वाटलं?"

"उपाशी घरात नाही वाटत, पोरी. आज वाटतंय."

"डासांनी होतो ना हा?" तिने विचारले. "टाकीखाली डास असतात, हे तुला माहीत होतं."

"माहीत होतं. आठवलं नाही."

दुपारी जनावरांच्या डॉक्टरीणबाई आल्या. डॅम्पर टॉवेलात गुंडाळून गेली ती परत आली नाही. जाताना बाई म्हणाल्या, "दुसऱ्या रोगाची लस तुम्ही दिलीत, ते चांगलं केलंत. याची लस आपल्याकडे पाळीव सशांना मिळत नाही. डासांची बारीक जाळी हाच उपाय, ती आजच लावा. आणि बिस्किटचे डोळे दोन आठवडे बघत राहा."

त्या शनिवारपासून सोमवारपर्यंत सुट्टी होती आणि गावातले दुकान बंद होते. बिस्किटला घरात घ्यावे, तर पत्र्याच्या घराची भट्टी झालेली. आजोबा उन्हाळाभर मागच्या व्हरांड्यात झोपायचे आणि त्या व्हरांड्याला बारीक जाळी होती. त्यांनी हातोडी घेतली आणि ती उपटायला सुरुवात केली.

"बाबा, मंगळवारी दुकान उघडेल," टॅम्सिनची आई म्हणाली. "तोवर तुम्ही झोपणार कुठे?"

"मंगळवारपर्यंत डास थांबतात का, विचारून बघ."

त्यांनी मला घासूनपुसून घराच्या दक्षिणेला नेले. आमच्याकडे सावली तिकडे असते. संध्याकाळच्या आत माझ्या अंगावर जाळीवर जाळी चढली होती. मंगळवारी दुकानदाराने सांगितले, नवी जाळी यायला दोन आठवडे लागतील. आजोबा उघड्या व्हरांड्यातच झोपत राहिले. टॅम्सिन त्यांच्याशी बोलत नव्हती. मला ते फार लागायचे, पण खुराड्याला मध्ये पडता येत नाही.

आजोबा रोज उजाडताच माझ्यापाशी यायचे आणि बिस्किटचे डोळे बघायचे. पाचव्या दिवशी टॅम्सिनही लवकर उठून आली. आजोबांचे हात डासांनी फोडून काढले होते. एक पापणी सुजून डोळा पार मिटला होता.

"पॉप, तुझा डोळा," ती घाबरून म्हणाली.

"माझा राहू दे," आजोबा म्हणाले. "तिचे बघ. स्वच्छ आहेत."

टॅम्सिन आत गेली. थंड पाण्यात भिजवलेला रुमाल घेऊन आली आणि त्यांच्या डोळ्यावर धरून बसली. माफ केले, असे ती म्हणाली नाही. रुमाल गरम झाला की पुन्हा भिजवून आणत होती.

दोन आठवडे सरले. बिस्किट वाचली. महिनाभराने तिला नवी सोबतीण मिळाली आणि बिस्किट पुढे सहा वर्षे जगली. आजोबा आता नाहीत. त्यांच्या व्हरांड्याची जाळी अजून माझ्या अंगावर आहे. टॅम्सिन मोठी झाली तरी तिला ठिगळे लावते, बदलत मात्र नाही.

मित्रांनो, ससा तक्रार करत नाही. ऊन लागले, पाणी संपले, डास चावला, तरी तो गप्प बसतो. म्हणून तुमच्याकडे ससा असेल, तर सकाळी उठल्यावर आधी त्याचे डोळे बघा आणि मग स्वतःचे धुवा. आजोबा तसेच करायचे.