ताटाची परीक्षा

पितळी ताट जमिनीवर आपटलं की तीन वर्षांची सुलक्षणा वळून बघे. तेच ताट तिच्या पाठीमागे हातात धरून वाजवलं, तर वळत नसे. साकीनाक्याच्या त्या खोलीत हा फरक फक्त तिच्या आईच्या, मालनच्या लक्षात आला होता.

तिचा बाप रामचंद्र मात्र कामावरून आला की ताट आपटून दाखवी. "बघ, वळली! लाडावलीय नुसती."

"अहो, गोवराआधी 'आऊ' म्हणायची. आता तेही नाही. दवाखान्यात दाखवूया ना!"

"रामू पण उशिराच बोललो. आता गप रवता काय?" सासूबाई, कृष्णाबाई आपल्या मालवणीत म्हणत हसल्या. मग हळूच म्हणाल्या, "बहिरी म्हणान नाव पडला तर पोरीचा लगीन कसा होतला?"

असं करत वर्ष गेलं.

एका रविवारी शेजारच्या वसुधाताई आल्या. त्या शाळेत विज्ञान शिकवत. त्यांच्यासमोरही ताट आपटलं गेलं.

"फरशी हादरली म्हणून वळली ती," त्या म्हणाल्या. "गोवरानंतर कान वाहत होता ना?"

"कोमट तेल घालत होतो की!"

"वाहत्या कानात तेल घालू नये, रामभाऊ. गोवर, मेंदूज्वर, तान्हेपणीची कावीळ, गरोदरपणी आईला आलेला पुरळाचा ताप, कशानेही कान जातात. काही मुलं जन्मतःच अशी असतात. यात शाप नाही. पण भाषा शिकायची वर्षं हीच, ती थांबत नाहीत."

रामचंद्रने जमिनीवरचं ताट उचललं, तसं वसुधाताईंनी विचारलं,

"तुमच्या कारखान्यात प्रेसच्या यंत्राचा आवाज चालू असताना शेजारचा काय म्हणतो, कसं कळतं?"

"तोंडाकडे बघून. तिथे कान कुठे चाल..."

वाक्य अर्धंच राहिलं. सुलक्षणा त्याच्या ओठांकडे एकटक बघत होती! त्याने तोंडावर हात धरला आणि हाक मारली, "सुलू!"

ती उठली. जवळ येऊन तिने दोन्ही हातांनी त्याचा हात बाजूला ओढला आणि पुन्हा ओठांकडे बघू लागली.

वाचकहो, अशी ताटं आपल्या किती घरांत वाजत असतील! गोवराची लस आता मिळू लागली आहे, कानाची तपासणीही होते. आपण मात्र नाव पडेल म्हणून थांबतो, आणि बहिऱ्या मुलाला मुकंही करून ठेवतो.

"पण लोक बहिरी म्हणतले रे..." कृष्णाबाई पुटपुटल्या.

रामचंद्रने ताट मांडणीवर ठेवून दिलं.

"म्हणू देत, आये. मालन, उद्या मी कामावर जात नाही. सुलूचे कान तपासून आणू."